आठ जीबी रॅम अन् पोटखराब

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. एवढ्या रात्री फोन वाजला की आमच्या घरात आधी सगळे दचकतात, आई तर अंथरुणातूनच "कोनाले काय झालं रे?" म्हणून विचारते, पण इथं कोणाला काही झालं नव्हतं, भाऊसाहेबांच्या लॅपटॉपला झालं होतं.

"मामा, मी नवी रॅम टाकली न, थे दिसूनच नाही रायली."

"म्हंजे? बरोबर बसली नाही का?"

"बसली न. सोळा लिवून येते. पन बाजूला कंसात साडेसहा. पयले आठच होती तवा 7.8 दाखवे. म्हंजे पैसे देऊन कमी झाली का?"

मी हसलो, त्याला राग आला. राग येणारच, सध्या रॅमचे भाव कसे चढलेत ते ज्यानं घेतली त्यालाच माहीत, एआयवाल्यांच्या डेटा सेंटरनं सगळा माल ओढून नेला अन् इकडं अमरावतीत रूम करून राहणाऱ्या पोराला एका काडीसाठी तीन महिन्यांचा पॉकेटमनी मोजावा लागतो. पण मी हसलो ते त्याला नाही, त्या कंसाला हसलो. तो कंस माझ्या ओळखीचा आहे. 2016 च्या दिवाळीनंतर त्यानं माझा अख्खा हिवाळा खाल्ला होता.

तर झालं असं की तेव्हा माझ्याकडं जो पीसी होता तो यवतमाळहून आणलेला सेकंडहँड डब्बा. कोअर टू ड्युओ ई7500 प्रोसेसर, जी41 चिपसेटचा बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड), 2 जीबी डीडीआर3 रॅम, 320 जीबीची हार्ड डिस्क, नंतर घातलेलं जीटी730 ग्राफिक्स कार्ड अन् एक टीव्ही ट्युनर कार्ड, ज्याच्यावर बाबा रोज संध्याकाळी बातम्या पाहायचे कारण घरचा टीव्ही जळालेला होता (व्होल्टेज, दुसरं काय). हे ट्युनर कार्ड लक्षात ठेवा, पुढं गोंधळ तेच घालणार आहे. गाव दारव्हा तालुक्यातलं, रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. विंडोज 7 अल्टिमेट, 32 बिट. त्या काळात आमच्याकडं ज्याच्या त्याच्या मशीनवर अल्टिमेटच असायचं, कसं ते विचारू नका.

गेम म्हणजे आमच्यासाठी व्हाइस सिटी अन् सॅन अँड्रियास. व्हाइस सिटीला 128 एमबी रॅम पुरायची, सॅन अँड्रियासला 256, त्यामुळं 2 जीबीवाला मी गावातला राजा होतो, पोरं रांग लावून बसायची. मग दिवाळीत अमरावतीला इंजिनिअरिंगला असलेला मित्र गावी आला तो एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये जीटीए फाइव्ह घेऊन, त्यानं सेलमध्ये विकत घेतली होती, म्हणाला माझ्या अकाउंटवरून खेळ, डाउनलोड करायची गरज नाही. साठ-सत्तर जीबीचा गेम! 2015 च्या एप्रिलमध्ये पीसीवर आलेला. कमीत कमी किती पाहिजे ते पाहिलं तर रॅम 4 जीबी. मी एवढीच ओळ वाचली. हे पण लक्षात ठेवा.

मी ठरवलं, चार कशाला, आठच टाकू. गेम मख्खनसारखा पळला पाहिजे. पहिल्या वेच्याचा कापूस नुकताच विकला होता, बाबांना म्हटलं, तीन हजार पाहिजेत.

"काहाले?"

"कॉम्प्युटरले रॅम पायजे."

"पैसे का झाडाले लागते बे?"

"पऱ्हाटीले लागते न बाबा."

आई स्वयंपाकघरातून हसली म्हणून वाचलो, नाहीतर त्या दिवशी चप्पलच होती. पण पैसे मिळाले. दिवाळीनंतरच्या शुक्रवारी एसटीनं यवतमाळ गाठलं, एका दुकानातून 4 जीबीच्या दोन काड्या घेतल्या, दोन्हीचे मिळून 2700, घरी येऊन साइडचं झाकण काढलं, जुनी काडी उपसली, नव्या दाबल्या, दोन्हीकडचे कान कट् कट् करून बसले, बटन दाबलं. टूंऽऽऽ टूंऽऽऽ टूंऽऽऽ. स्क्रीन काळी.

काढली, परत बसवली. टूं. एकच लावली, टूं. दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, टूं. खोडरबर घेऊन सोनेरी दातांवर घासलं, फुंकलं (फुंकू नका, थुंकी उडते), परत लावली, टूं. जुनी 2 जीबी लावली की मशीन गुमान चालू. शेजारचे काका कुंपणावरून, "का रे बावा, ट्रॅक्टर रिव्हर्स घेऊन रायला का घरात?"

चार दिवस डोकं लावल्यावर जे कळलं ते आजही कोणाला जी41 बोर्ड जिवंत ठेवायचा असेल तर कामाचं आहे म्हणून नीट सांगतो. रॅमच्या काडीवर काळ्या चौकोनी चिपा असतात. माझ्या काडीवर एकाच बाजूला आठ होत्या, मागची बाजू सपाट हिरवी. म्हणजे 4 जीबी भागिले आठ, एकेका चिपेत अर्धा जीबी, म्हणजेच 4 गिगाबिट. अन् जी41 ला तेवढी जाड चिप समजतच नाही, त्याला 2 गिगाबिटपर्यंतचीच समजते. त्यामुळं 4 जीबीची काडी पाहिजे असेल तर दोन्ही बाजूंनी आठ-आठ, अशा सोळा चिपा असलेलीच लागते. वर कागदावर दोन्हीकडं सारखंच लिहिलेलं, 4 जीबी डीडीआर3 1333, किंमतही जवळपास तीच. दुकानदारालाही माहीत नव्हतं की माहीत असून दिली, देव जाणे. तशीच दुसरी एक जात त्या वेळी स्वस्तात मिळायची, डीडीआर2 च्या 4 जीबीच्या काड्या, ज्या फक्त एएमडीच्याच प्रोसेसरच्या बोर्डवर चालायच्या अन् इंटेलवाले घेऊन फसायचे. बियाण्याच्या थैलीवर जसं बारीक अक्षर वाचावं लागतं तसं इथं चिपा मोजाव्या लागतात.

आता बदलून आणायला निघणार तोच 8 नोव्हेंबर. रात्री आठला टीव्हीवर, म्हणजे माझ्याच मॉनिटरवर, ट्युनर कार्डावर, बाबांनी नोटाबंदी ऐकली. घरात कापसाचे पैसे, सगळ्या पाचशे-हजारच्या. पुढचे दिवस कसे गेले ते इथं लिहीत बसत नाही, तो वेगळाच विषय आहे, व्यापारी चेक देतो म्हणायचे अन् चेक वटायला बँकेत उभं राहायला जागा नाही. मी मात्र बेशरमासारखा त्या शनिवारी रॅम घेऊन यवतमाळला. दुकानदार म्हणाला, सोळा चिपावाल्या जुन्या माझ्याकडं आहेत, बदलून देतो, पण वरचे तीनशे लागतील. माझ्याजवळ पाचशेची जुनी नोट. तो म्हणे हे नको भाऊ. मी म्हटलं मग दुसरं काहीच नाही. शेवटी पुढच्या फेरीला घरची तुरीची डाळ दोन किलो नेऊन दिली अन् काड्या आणल्या. तूर तेव्हा भाव खाऊन होती, सौदा त्यालाही परवडला.

ह्या वेळी टूं झालं नाही. सुरुवातीच्या काळ्या स्क्रीनवर 8192 दिसलं तेव्हा काय आनंद झाला सांगू. विंडोज उघडली, माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. 8.00 जीबी. अन् पुढं कंसात, वापरता येण्यासारखी 3.24 जीबी.

बाबा मागं खुर्चीवर, सात वाजायची वाट पाहत. मी डोक्याला हात लावून बसलेला. "का झालं?" मी सांगितलं, आठ घेतली, चालते सव्वातीन. बाकीची आहे पण वापरता येत नाही. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, स्क्रीनजवळ आले, कंसात बोट ठेवलं अन् म्हणाले, "हे तं पोटखराब आहे."

ज्यांच्या घरी वावर नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातबाऱ्यावर तुमचं एकूण क्षेत्र लिहिलेलं असतं अन् त्यातच पोटखराब वेगळं दाखवलेलं असतं, म्हणजे नाला, खडक, गाडीवाट, जे तुमच्या नावावर आहे पण त्यात पेरता येत नाही. आमचं नाल्याकाठचं वावर 1.62 हेक्टर, म्हणजे चार एकर, अन् त्यात 0.30 पोटखराब. बाबांनी दहा सेकंदांत जे ओळखलं ते समजायला मला नंतर महिनाभर लागला, अन् खरं सांगतो, त्याच्याहून चांगलं उदाहरण मला आजवर इंग्लिशमध्येही वाचायला मिळालं नाही.

32 बिट म्हणजे पत्ता लिहायला 32 घरं, प्रत्येकात शून्य किंवा एक. असे एकूण पत्ते बनतात 4,29,49,67,296. एका पत्त्यावर एक बाइट, झाले 4 जीबी. इथपर्यंत शाळेतली पोरंही सांगतात. पण हे पत्ते एकट्या रॅमचे नसतात, गोम इथं आहे. ग्राफिक्स कार्ड, साउंड, नेटवर्क, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) चिप, ट्युनर कार्ड, प्रोसेसरला ह्यांच्याशी बोलायचं असलं तर त्यांनाही पत्ता द्यावा लागतो, अन् तो त्याच चार जीबीतून, वरच्या टोकाकडून कापून दिला जातो. म्हणजे चार एकरातून नाला गेला, वाट गेली, उरलं सव्वातीन. ग्राफिक्स कार्ड 2 जीबीचं आहे म्हणून 2 जीबी पत्ते खातं असं नाही, ते एक खिडकी मागतं, माझ्यासारख्या कार्डांची ती साधारण 256 एमबीची असायची, पण सगळ्यांचं मिळून पाऊण जीबी सहज जातं. मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रसिनोविच यांनी 2008 मध्ये हे सगळं उलगडून लिहिलं होतं, त्यात दोन ग्राफिक्स कार्डवाल्या एका गेमिंग मशीनवर 4 पैकी 2.2 जीबीच हाती लागत होती. गेमिंगसाठी जेवढा खर्च जास्त तेवढं पोटखराब जास्त!

झाकली गेलेली रॅम बोर्ड वरच्या मजल्यावर, चार जीबीच्या पलीकडच्या पत्त्यांवर हलवून देऊ शकतो, बायोसमध्ये मेमरी रीमॅप म्हणून पर्याय असतो तो हाच. पण 32 बिट विंडोज 7 त्या मजल्यावर पाहतच नाही. माझी वरची जवळपास पाच जीबी तिथंच बसलेली. स्लॉटमध्ये आहे, बायोसला दिसते, फक्त विंडोजच्या सातबाऱ्यावर नाव नाही.

माझ्यासारख्या माणसाला कोणी हद्द दाखवली की लगेच धुरा कोरायची खाज सुटते. (धुरा म्हणजे बांध, पुण्यामुंबईकडच्या वाचकांसाठी.) शोधता शोधता सापडलं की 32 बिट प्रोसेसरलाही चारच्या पलीकडं जाता येतं, 1995 च्या पेंटियम प्रोपासून पीएई नावाची सोय आहे, तिच्यात पत्ता 36 घरांचा होतो अन् 64 जीबीपर्यंत जाता येतं. विंडोज सर्व्हर 2003 ची एंटरप्रायझ आवृत्ती 32 बिट असूनही 64 जीबी वापरायची. अन् सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे माझ्या विंडोज 7 मध्येही पीएई आधीच चालू होती, व्हायरसपासून बचावाची एक सोय तिच्याशिवाय चालत नाही म्हणून. गेट उघडं आहे, वॉचमन जाऊ देत नाही! मग नेटवरचा एक पॅच घेतला, तो विंडोजच्या कर्नल फाइलची, म्हणजे तिच्या गाभ्याची, एक कॉपी करून तिच्यातली ही मर्यादा काढून टाकतो अन् मशीन सुरू होताना दोन पर्याय दाखवतो, एक जुनी विंडोज, एक बिनहद्दीची. दुसरी निवडली. प्रॉपर्टीज. 8.00 जीबी. कंस गायब.

मी अंगणात जाऊन आलो. म्हणजे खरंच, उठून अंगणात एक चक्कर मारून आलो.

हा आनंद संध्याकाळी सातपर्यंत टिकला. बाबांनी ट्युनर लावला. बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा आडव्या पट्ट्यांमध्ये कापल्यासारखा दिसला, मग हिरवे चौकोन आले, मग आवाज एकाच अक्षरावर अडकला अन् निळी स्क्रीन. परत चालू केलं, दहा मिनिटांनी परत निळी. तिसऱ्यांदा बाबा काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडं पाहत राहिले, ते जास्त वाईट.

मर्यादा काढली तर हे असं होईल म्हणूनच मायक्रोसॉफ्टनं ती घातली होती हे नंतर कळलं. घरगुती मशीनला कोणीही कुठलंही कार्ड लावतो, त्यांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेलं की पत्ता 32 घरांतच मावणार. विंडोजनं पाचव्या जीबीतला पत्ता दिला की असा ड्रायव्हर वरची घरं कापून टाकतो अन् उरलेल्या आकड्याला खरा पत्ता समजून तिथं माल टाकतो. गट नंबर 105 नांगरायला सांगितला, ट्रॅक्टरवाल्यानं 5 वाचला अन् दुसऱ्याच्या उभ्या तुरीत घातला. तिथं विंडोजचं स्वतःचं काही असलं की निळी स्क्रीन. ट्युनर कार्ड तर सेकंदाला पंचवीस चित्रं थेट रॅममध्ये ओतणारं, ते काय कुणाला सोडणार.

एवढ्यावरही मी थांबलो नाही. विंडोजला न दिसणाऱ्या रॅमची रॅमडिस्क (रॅमचीच केलेली डिस्क) करून तिच्यात पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) ठेवायची, हा उपाय केला, तो चालला, फायदाही थोडा झाला, पण ते म्हणजे स्वतःच्या वावरात चोरून पेरण्यासारखं. अन् बीसीडीएडिट, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या सेटिंग बदलायची कमांड, तिच्यातली 3072 वाली सेटिंग, ह्याच्यावर जरा बोलतो कारण गेमवाल्यांमध्ये हा सल्ला फार फिरायचा. 32 बिट विंडोजमध्ये मशीनला कितीही रॅम असो, एका प्रोग्रामला स्वतःपुरते 2 जीबी पत्ते मिळतात, बाकी 2 जीबी विंडोजच्या स्वतःच्या वापराला. त्या सेटिंगनं वाटणी तीन-एक अशी होते. पण गेम बनवणाऱ्यानं आपल्या फाइलवर मला जास्त पत्ते चालतात असा शिक्का मारलेला असेल तरच, नाहीतर उपयोग शून्य. स्कायरिम नावाचा गेम 2011 च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा त्याच्यावर तो शिक्का नव्हता, लोक बोंबलले तेव्हा डिसेंबरच्या पॅचमध्ये दिला. अन् विंडोजला एकाच जीबीत कोंबलं की ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा श्वास कोंडतो ते वेगळंच. माझ्याकडं डेस्कटॉपवरचे आयकॉनच काळे पडायला लागले. म्हणजे आठ जीबी घेऊन जो एक गेम चालवायचा, त्याच्या वाट्याला शेवटी दोन किंवा तीनच.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं केलं, गेम लावून तर पाहायचा. पाहिला. ह्या सगळ्यानंतर. डबल क्लिक केलं तर विंडोज म्हणे ही फाइल तुमच्या विंडोजशी जुळत नाही, 32 बिट पाहिजे की 64 बिट ते तपासा. मग मी ती कमीत कमी काय पाहिजे वाली यादी परत उघडली. रॅमच्या आधीची, सगळ्यात पहिली ओळ, विंडोज 64 बिट. तीन आठवड्यांपासून तिथंच होती. त्याच्या खाली प्रोसेसर, कोअर टू क्वाड क्यू6600, चार कोरचा. माझा दोनचा. तीही ओळ मी वाचली नव्हती.

मित्राला फोन केला तर तो पंधरा मिनिटं फक्त हसत होता.

खरं म्हणजे उपाय सुरुवातीपासून एकच होता, 64 बिट विंडोज टाकणं, प्रोसेसर 64 बिट समजणाराच होता, 2009 चा. पण 32 वरून 64 वर थेट चढता येत नाही, सी ड्राइव्ह साफ करून नव्यानं टाकावी लागते, अन् डाउनलोड तीन जीबीच्या वर. इथं जिओ देवासारखं धावून आलं, त्याच सप्टेंबरात सुरू झालेलं, फुकट, रोज 4 जीबी जोरात. आमच्या इथं रेंज फक्त स्लॅबवर, टाकीच्या बाजूला. रात्री मोबाइल टाकीवर दगडाखाली दाबून ठेवला, सकाळी दव पुसून खाली आणला, फाइल पूर्ण.

सी साफ करायच्या आधी फोटो, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, सगळं डी मध्ये हलवलं. एक विसरलो की डेस्कटॉपवर जे दिसतं तेही सी मध्येच असतं. तिथं आईच्या बचत गटाची फाइल होती, चार महिन्यांचा हिशोब, मीच हौसेनं एक्सेलमध्ये करून दिलेला. गेला. घाबरत घाबरत आईला सांगितलं तर ती भाकर थापता थापता म्हणाली, "वहीत आहे न. तुया डब्ब्यावर कोन भरोसा ठेवते."

नवी विंडोज उघडली. प्रॉपर्टीज. 8.00 जीबी, कंस नाही, पॅच नाही, चोरी नाही. बाबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "झाला म्हन फेरफार," अन् खुर्ची ओढून बसले, बातम्या लाव म्हणाले. अन् तेव्हा कळलं की ट्युनर कार्डाचा 64 बिट ड्रायव्हर कंपनीनं कधी काढलाच नाही. 64 बिट विंडोजला 32 बिटचे गेम चालतात, सॉफ्टवेअर चालतात, पण ड्रायव्हर 64 बिटचाच लागतो, ह्यात तडजोड नाही. बाबांनी पुढचे दोन महिने बातम्या समोरच्या घरी जाऊन पाहिल्या. रोज सातला चप्पल घालताना माझ्याकडं एकदा पाहून जायचे.

अन् गेम? चालला. खोटं नाही बोलणार, चालला. 800 बाय 600 वर, सगळ्या सेटिंग खालच्या, सेकंदाला पंधरा-वीस फ्रेम. गाडी जोरात पळवली की रस्ता आधी यायचा अन् घरं मागून उगवायची, कधी कधी रस्ताही यायचा नाही, गाडी हवेत. टास्क मॅनेजरमध्ये रॅम साडेपाच जीबीवर आरामात बसलेली अन् प्रोसेसरचे दोन्ही आलेख छताला चिकटलेले, खाली येतच नाहीत. म्हणजे रॅम भरपूर होती, राबणारेच दोघं होते. सालगड्यांशिवाय आठ एकर घेऊन करायचं काय. तरी मी खेळलो, डिसेंबरभर रात्री, बाबा हरभऱ्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन निघायचे कारण तेव्हा शेतीची लाइन रात्री यायची, अन् गावातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडून यूपीएस ओरडायचा, कुठल्या तरी मिशनच्या मध्येच मशीन बंद. पहाटे बाबा चिखलाचे पाय धूत विचारायचे, "जितला का?"

असो. भाच्याकडं वळतो, तो फोनवर ताटकळत होता (हे सगळं त्याला सांगितलं नाही, थोडंच सांगितलं).

त्याची विंडोज 11, तिच्यात 32 बिटचा प्रश्नच नाही, ती 32 बिटमध्ये येतच नाही. होम आवृत्तीलाही 128 जीबीची हद्द आहे, तिथवर त्याचे काय माझेही हात पोचणार नाहीत. विंडोज 7 च्या काळात हे आवृत्तीप्रमाणं बदलायचं, स्टार्टर 2 जीबीवर थांबायची, 64 बिट होम बेसिक आठवर, होम प्रीमियम सोळावर, प्रोफेशनल अन् अल्टिमेट 192 पर्यंत, त्यामुळं तेव्हा हा पहिला संशय असायचा. आता तो नाही. मग काडी खराब असती तर सोळा लिहून आलंच नसतं. म्हणून मी विचारलं, "गेम फास्ट कराले कोनता व्हिडिओ पायला होता का?"

तिकडून शांतता.

"एमएसकॉन्फिग उघड. बूट. अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. मॅक्झिमम मेमरीपाशी टिक आहे का?"

"आहे. 8192 लिवलं आहे. त्यानं सांगतलं होतं का आपली रॅम फुल टाकाची म्हून."

ही टिक म्हणजे फुल रॅम वापर असा हुकूम नाही, ह्याच्या पुढं पाहू नको असा हुकूम आहे. आठ होती तेव्हा, 7.8 पाहून झाल्यावर, आठवर बांध घातला, नंतर सोळा झाली तरी बांध तिथंच. पण मग आठ दिसायची सोडून साडेसहा का? कारण तो आकडा रॅमचा नाही, पत्त्याचा आहे. 8192 एमबीच्या पत्त्यापर्यंत मोज म्हटलं की मधला दीड जीबीचा तुकडा, तोच चार जीबीच्या खालचा, ग्राफिक्स अन् बाकीच्या कार्डांना दिलेला, तोही मोजणीत येतो. 64 बिट आलं म्हणून नाला बुजला नाही, अजून तिथंच वाहतो, फक्त पलीकडं एवढी जमीन आहे की कोणाला त्याचं काही वाटत नाही. ह्यानं बांध घातला अन् नाला परत दिसायला लागला.

टिक काढली, ओके, रीस्टार्ट. मी फोन कानाला लावूनच बसलो. आई परत, "कोन आहे रे?" म्हणून.

"मामा, आली! 15.8!"

"हं. झोप आता. अन् व्हिडिओ पाहून टिका मारत जाऊ नको."

"मामा, पन तुमी मंघाशी मनलं थे पोटखराब म्हंजे काय असते?"

बाबा जागेच होते, बाजेवर उठून बसलेले. मी म्हटलं थांब, आबाजवळ फोन देतो.